मिन्स्टर लव्हेलच्या तळघरातील सांगाडा



ऑक्सफर्डच्या पश्चिमेला पंधरा-सोळा मैलांवर विंडरश नावाची एक लहान नदी वाहते. तिच्या काठी मिन्स्टर लव्हेल हे खेडे आहे आणि तेथील चर्चच्या पाठीशी एका सरदारी वाड्याचे पडके अवशेष उभे आहेत. दिवाणखान्याच्या उंच भिंती, नदीच्या बाजूचा एक बुरूज, थोड्या अंतरावर कबुतरांसाठी बांधलेली गोल इमारत, एवढेच काय ते उरले आहे. विल्यम लव्हेल या उमरावाने इ. स. १४३० नंतरच्या दशकात हा वाडा बांधला. या वाड्याची एक गोष्ट इंग्रजांच्या देशात आजही मोठ्या आवडीने सांगितली जाते.

१७०८ साली वाड्यातील एक धुराडे नव्याने बांधण्याचे काम निघाले. त्या कामात जमिनीखाली एक मोठी खोली लागली. आत टेबलापाशी बसलेल्या स्थितीत एका माणसाचा अखंड सांगाडा होता. समोर पुस्तक, कागद, लेखणी. खोलीत दुसरीकडे एक टोपी पडलेली. सारे कुजून जीर्ण झालेले. घरच्या मंडळींनी आणि इतरांनी निर्णय दिला, की २२१ वर्षांपूर्वी रणांगणावरून जो नाहीसा झाला तो फ्रान्सिस लव्हेल हाच.

गोष्ट ऐकताच अंगावर काटा येतो. पराभूत सरदार शत्रूला चुकवून रात्री आपल्या वाड्यात शिरतो, तळघरात दडतो, एकच विश्वासू नोकर त्याला अन्न पोचवितो. पुढे तो नोकर मरतो किंवा पकडला जातो, किल्ली त्याच्याबरोबर जाते आणि धनी आतल्या आत अन्नावाचून मरतो. श्रोत्यांनी येथे एक ध्यानात घ्यावे, की नोकर आणि किल्ली हा मजकूर मूळ हकीकतीत मुळीच नाही. तेथे फक्त खोली, सांगाडा आणि टेबल आहे. आतल्या माणसाला कोंडले कोणी, हा प्रश्न पुढच्या सांगणारांना पडला आणि त्यांनी आपल्या पदरचा नोकर त्याला दिला. दंतकथा अशाच वाढतात. एक भोक बुजविण्यासाठी एक पात्र येते आणि ते पात्र मग हलत नाही.

या गोष्टीची उलटतपासणी करण्यापूर्वी तो माणूस कोण होता हे पाहिले पाहिजे, कारण त्याचे खरे चरित्र तळघराच्या गोष्टीहून कमी चित्तवेधक नाही.

फ्रान्सिस लव्हेलचा जन्म १४५६ च्या सुमाराचा. बाप लहानपणीच वारला आणि पोरक्या मुलाची पालकी वॉरिकच्या बलाढ्य अर्लकडे गेली. त्याच घरी राजघराण्यातला एक मुलगा वाढत होता, रिचर्ड. दोघांचा स्नेह जन्मभर टिकला. १४८३ साली रिचर्ड तिसरा या नावाने तो मित्र गादीवर बसला आणि लव्हेल त्याच्या खाजगीकडचा मुख्य अधिकारी झाला. त्याच उन्हाळ्यात राजा मिन्स्टर लव्हेलच्या वाड्यावर मुक्कामास आला होता. पुढच्या वर्षी लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या दारावर कोणी दोन ओळी चिकटविल्या. मांजर, उंदीर आणि लव्हेल कुत्रा हे तिघे मिळून डुकराच्या हाताखाली देशावर राज्य करतात, असा त्यांचा आशय होता. मांजर म्हणजे केट्सबी, उंदीर म्हणजे रॅटक्लिफ. कुत्रा लव्हेलच्या निशाणावर होता आणि रानडुक्कर राजाच्या. या चेष्टेचा कर्ता म्हणून कॉलिंगबोर्न नावाच्या गृहस्थाचे नाव पुढे आले आणि त्याला राजद्रोहाबद्दल देहान्त शिक्षा झाली. लव्हेल केवढ्या पदाला पोचला होता, हे समजण्यास एवढे पुरे आहे.

२२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉझवर्थच्या मैदानावर रिचर्ड मारला गेला आणि हेन्री ट्यूडर सातवा हेन्री म्हणून राजा झाला. विजयानंतर नव्या राजाने जे जाहीर पत्रक काढले, त्यात लढाईत पडलेल्यांमध्ये लव्हेलचेही नाव होते. ते साफ खोटे ठरले. तो जिवंत होता आणि कोल्चेस्टरच्या मठात आश्रयाला बसला होता. म्हणजे सरकारी कागदावर हा गृहस्थ एकदा मेलेलाच होता. पुढच्या साऱ्या भानगडीत ही गोष्ट विसरून चालणार नाही.

केट्सबीचे डोके उडाले, रॅटक्लिफ रणात पडला. लव्हेलने नव्या राजाशी जमवून घेतले असते तर कदाचित निभावले असते, पुष्कळांचे निभावले. पण त्याने १४८६ साली यॉर्कशायरात बंड उभारले, ते फसले, आणि तो समुद्र ओलांडून रिचर्डची बहीण बर्गंडीची डचेस मार्गारेट हिच्याकडे गेला. तेथून पुढचा खेळ ठरला तो एका तोतयाच्या जिवावर. लँबर्ट सिम्नेल या नावाचा सुमारे दहा वर्षांचा मुलगा होता. तुरुंगात असलेला राजवंशातला वॉरिकचा अर्ल तो हाच, असे भासवून २४ मे १४८७ रोजी डब्लिनच्या चर्चमध्ये त्याला राज्याभिषेक करण्यात आला. मार्टिन श्वार्ट्झ या सेनानीच्या हाताखालचे सुमारे २,००० जर्मन भाडोत्री शिपाई, आयरिश लोकांचा जमाव, लिंकनचा अर्ल आणि लव्हेल असे सैन्य जूनच्या आरंभी इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. १६ जून १४८७ रोजी ट्रेंट नदीजवळ स्टोक येथे लढाई झाली. लिंकन पडला, श्वार्ट्झ पडला, आयरिश लोकांची कत्तल झाली. सिम्नेलला राजाने मारले नाही. त्याला मुदपाकखान्यात मांस भाजण्याची सळई फिरविण्याच्या कामाला लावले. त्या काळच्या राजाच्या मानाने ही थट्टा बरीच दयाळूपणाची म्हटली पाहिजे.

आणि लव्हेल? त्याचे काय झाले?

येथून पुढे कागद एकमेकांशी भांडू लागतात. लढाईनंतर लवकरच यॉर्क शहराच्या दप्तरात जी नोंद झाली तिच्यात तो पळाला असे आहे. पॉलिडोर व्हर्जिल हा राजाच्या आश्रयाने इतिहास लिहिणारा इटालियन पंडित त्याला रणातच पाडतो. पण तो काही दशकांनंतर लिहीत होता. पार्लमेंटाने १४८७ च्या अखेरीस बंडखोरांना दोषी ठरविणारा जो कायदा केला, त्यात लव्हेलचे नाव राहूनच गेले आणि ती उणीव १४९५ साली वेगळ्या कायद्याने भरून काढावी लागली. माणूस मेला म्हणावे तर प्रेत नाही, जगला म्हणावे तर पत्ता नाही.

त्याला शोधणारे एक माणूस मात्र होते. लव्हेलची बायको अॅन हिच्या आईचे एक पत्र पास्टन घराण्याच्या प्रसिद्ध पत्रसंग्रहात सापडते. तारीख २४ फेब्रुवारी. साल १४८६ की १४८८, याबद्दल विद्वानांत वाद आहे. आई लिहिते, की मुलगी नवऱ्यासाठी फार खटपट करते आहे. सर एडवर्ड फ्रँक उत्तरेकडे शोधाला जाऊन परत आला, पण तो कोठे आहे हे त्याला कळले नाही. या एका वाक्यात जे आहे ते तळघराच्या साऱ्या गोष्टीत नाही, असे आम्हांस वाटते.

श्रोत्यांपैकी अनेकांच्या मनात एव्हाना सदाशिवरावभाऊंचे नाव आले असेल. १७६१ च्या पानिपतानंतर आपल्याकडेही हेच झाले. प्रेताची ओळख पटली की नाही यावर एकमत नाही, पार्वतीबाई वैधव्य पत्करावयास तयार नाहीत, आणि मग तोतयाचे प्रकरण इतके चिघळले की १७७६ साली त्याला देहान्त शासन होईपर्यंत राज्याला स्वस्थता नव्हती. तोतया स्टोकच्या आधी आला आणि पानिपतच्या नंतर, एवढाच फरक. जेथे मृत्यूचा पुरावा नाही तेथे लोक आपल्या इच्छेप्रमाणे शेवट करून घेतात. मराठ्यांनी भाऊसाहेबांना परत आणले, इंग्रजांनी लव्हेलला तळघरात नेऊन बसविले.

आता त्या तळघराकडे वळू.

१७०८ च्या शोधाचा आधार काय? त्या वर्षी लिहिलेला एकही कागद नाही. आधार आहे तो विल्यम कूपर या पार्लमेंटाच्या मुख्य कारकुनाने १७३७ साली लिहिलेल्या एका पत्राचा. कूपरनेही काही पाहिले नव्हते. रटलंडच्या ड्यूकने १७२८ साली आपल्या समक्ष ही हकीकत सांगितली, असे तो म्हणतो. म्हणजे १७०८ ला घडलेले, १७२८ ला सांगितलेले, १७३७ ला लिहिलेले. आपल्या कोर्टातला साधा मुन्सफही असल्या साक्षीला ऐकीव म्हणून बाजूला ठेवील.

पण तेवढ्यावर थांबू नये. ऐकीव गोष्टही खरी असू शकते. सांगणारा कोण हे पाहावे. ज्याला पत्रात रटलंडचा सध्याचा ड्यूक म्हटले आहे तो जॉन मॅनर्स. त्याचा जन्म १६९६ चा. तेव्हा १७०८ साली तो अकरा-बारा वर्षांचा मुलगा होता! वाडाही त्याच्या घराण्याचा नव्हता. तो १६०२ पासून एडवर्ड कुक या प्रख्यात कायदेपंडिताच्या घराण्याकडे होता. आपल्याकडील वकील मंडळी ज्याला कोक म्हणतात, तोच हा. १७०८ साली वाड्याचा मालक टॉमस कुक हाही अकराच्या आतबाहेरचा, आदल्याच वर्षी आईबाप गेलेला मुलगा, आणि मिळकतीचा कारभार पालकांच्या हाती. थोडक्यात, या शोधाच्या वेळी सांगणारा मुलगा, मालक मुलगा, आणि ज्या मोठ्या माणसांनी आत डोकावले असेल त्यांचा एक शब्द उरलेला नाही.

दुसरे एक साल पाहा. ड्यूकने ही गोष्ट सांगितली ते १७२८. त्याच १७२८ साली टॉमस कुकला सरदारकी मिळाली आणि त्याने पदवी घेतली ती मिन्स्टर लव्हेलचा बॅरन लव्हेल अशी. जुन्या लव्हेलांचे नाव अडीचशे वर्षांनी पुन्हा उमरावांच्या यादीत आले. त्या दिवसांत मोठ्या घरांच्या जेवणावळींत लव्हेल हा शब्द वारंवार निघत असणार आणि 'अहो, त्या वाड्यात काय सापडले होते ठाऊक आहे का?' असे कोणी म्हणणे अगदी स्वाभाविक होते. आम्ही कोणावर लबाडीचा आरोप करीत नाही. वीस वर्षांपूर्वी कानावर आलेली गोष्ट नेमकी कोणत्या हवेत पुन्हा उगवली एवढेच दाखवितो.

पण या प्रकरणातली खरी मेख याहून जुनी आहे. फ्रान्सिस बेकनने सातव्या हेन्रीचा इतिहास लिहिला तो १६२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात तो सांगतो, की लव्हेलने घोड्यावरून ट्रेंट नदीत उडी घातली, पण पलीकडचा काठ चढणीचा असल्याने त्याला वर येता आले नाही आणि तो बुडाला. आणि लगेच पुढे लिहितो, की दुसरी वार्ता अशीही आहे, की तो तेथे न मरता पुढे पुष्कळ काळ एका गुहेत किंवा तळघरात राहिला.

म्हणजे सांगाडा सापडण्यापूर्वी ८६ वर्षे तळघर छापून तयार होते! १७०८ साली धुराड्याखाली खरोखर काही हाडे निघाली असे धरले, तरी त्या हाडांवर नाव लिहिलेले नव्हते. नाव दिले ते बेकनच्या पुस्तकाने. इंग्लंडातील सुशिक्षित घरांत हे पुस्तक वाचले जात असे. लव्हेलच्या वाड्यात, तळघरात, सांगाडा, इतके जुळल्यावर दुसरे नाव सुचणार तरी कसे? आमचे मत असे, की येथे प्रेताने कथेला पुरावा दिलेला नाही. कथेनेच प्रेताला ओळख दिली. आणि प्रेत मुळात होते का, हेही त्या कथेवाचून सांगता येत नाही, कारण ती हाडे पुढे कोठे ठेवली, पुरली की टाकली, याचा ठावठिकाणा नाही. पुस्तक आणि कागद होते म्हणतात, मग त्यांवर काय लिहिले होते? २२१ वर्षे नाहीशा झालेल्या सरदाराच्या हातचा कागद समोर असता एकाही माणसाने एक अक्षर वाचण्याचा प्रयत्न केला नाही, ही गोष्ट पटण्यासारखी नाही.

वाड्याची बाजू पाहिली तर शंका आणखी वाढते. बॉझवर्थनंतर लव्हेलची सारी मिळकत जप्त झाली आणि मिन्स्टर लव्हेल कोणाला मिळाले? राजाचा सख्खा चुलता जॅस्पर ट्यूडर याला. म्हणजे १४८७ च्या जूनमध्ये स्टोकहून सुमारे शंभर मैल लपतछपत येऊन लव्हेलने शत्रूच्या चुलत्याच्या घरात आसरा घेतला, असे मानावे लागते. दिव्याखाली अंधार असतो हे खरे. जुने नोकरही तेथे असू शकतील. तरी ज्या माणसाच्या हाताशी उत्तरेत मित्र होते, पलीकडे स्कॉटलंड होते, त्याने दक्षिणेची वाट का धरावी? त्यातून वाडा अगदी नदीकाठचा; अशा ओलसर जागी जमिनीखालच्या खोलीत कागद आणि टोपी ओळखू येण्याइतकी २२१ वर्षे टिकावी हेही आश्चर्यच. १७४७ च्या सुमारास वाड्याचा बराचसा भाग पाडून टाकण्यात आला. विसाव्या शतकात हे अवशेष सरकारी देखरेखीखाली आले, ढिगारे उपसले गेले, पाये मोकळे झाले. हकीकतीतल्यासारखे तळघर काही निघाले नाही.

तरीही गोष्ट मेली नाही. एकोणिसाव्या शतकात टॉमस हेन्स बेली याने एक गाणे लिहिले. त्यात लव्हेल नावाच्या तरुण सरदाराची नवरी लग्नाच्या रात्री लपंडाव खेळताना जुन्या पेटीत लपते, झाकण आपोआप मिटते आणि कित्येक वर्षांनी पेटीत तिचा सांगाडा सापडतो. अशीच कथा सॅम्युअल रॉजर्स या कवीने त्याआधी इटलीतल्या मोदेना शहरावर बसविली होती. गाणे घरोघर गेले, आणि इंग्लंडातील किती तरी वाडे ती पेटी आपल्याच घरची म्हणून सांगू लागले. त्यांत मिन्स्टर लव्हेलही आलेच. एका वाड्यात दोन सांगाडे, दोघेही लव्हेल, दोघेही कोंडून मेलेले! इतकी करुण घटना एकाच घरावर दोनदा कोसळावी यात दैवापेक्षा गवयांचा हात अधिक दिसतो.

एखादा म्हणेल, पाचशे वर्षांपूर्वीच्या हाडांची ओळख पटणार तरी कशी? पटते, आणि तीही लव्हेलच्याच मित्राच्या बाबतीत पटली आहे. रिचर्ड राजाच्या प्रेताविषयीही दंतकथा होती. मठ मोडले गेले तेव्हा लोकांनी त्याची हाडे लेस्टरच्या सोअर नदीत फेकली, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत. उलट जॉन राउस या समकालीन लेखकाने त्याला लेस्टरच्या फ्रान्सिस्कन मठात, चर्चच्या आतल्या भागी, पुरल्याचे लिहून ठेवले होते. ऑगस्ट २०१२ मध्ये जुन्या नकाशांवरून मठाची जागा हेरून एका मोटारी उभ्या करण्याच्या आवारात खणण्यास सुरुवात झाली. पहिल्याच दिवशी पायाची हाडे लागली. मग जे झाले ते पाहण्यासारखे आहे. पाठीचा कणा बाजूला वाकलेला निघाला; कवटीवर शस्त्रांचे घाव मोजले गेले; हाडांचा काळ किरणोत्सारी कार्बनवरून पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धाशी जुळला; आणि राजाच्या बहिणीपासून स्त्रीपरंपरेने उतरलेल्या दोन हयात व्यक्तींच्या जनुकद्रव्याशी हाडांतील द्रव्य ताडून पाहिले, ते जुळले. फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्णय जाहीर झाला आणि २६ मार्च २०१५ रोजी लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये त्या अस्थी विधिपूर्वक पुरण्यात आल्या. नदीची गोष्ट खोटी ठरली, राउसचा कागद खरा ठरला. आपल्याकडे राजवाड्यांनी १८९८ साली साधनांचा पहिला खंड छापून अस्सल पत्रांपुढे बखरींना उभे केले, त्या वेळी पुष्कळ रसिक हळहळले होते. लेस्टरला हळहळण्याचे कारण उरले नाही. कागदाने जे सांगितले ते दंतकथेहून अधिक रोमांचकारी निघाले.

मग लव्हेलविषयी अस्सल म्हणावा असा शेवटचा कागद कोणता? तो इंग्लंडातला नाही. जून १४८८ मध्ये, म्हणजे स्टोकच्या लढाईला वर्ष झाल्यावर, स्कॉटलंडच्या गादीवर नुकत्याच बसलेल्या चौथ्या जेम्सने काही इंग्रज परागंदा मंडळींना अभयपत्र दिले. त्यात लव्हेलचे नाव आहे. स्टोकला त्याच्याबरोबर असलेल्या सर टॉमस ब्रॉटन याचेही आहे. या ब्रॉटनलाही व्हर्जिलने रणात पाडले होते. अभयपत्र मिळाले म्हणजे माणूस तेथे पोचलाच असे सिद्ध होत नाही, हे खरे. पण स्कॉटलंडच्या दरबाराला तो जिवंत असल्याचे वाटत होते, एवढे तरी यातून निघते, आणि ते बेकनच्या बुडालेल्या घोडेस्वारापेक्षा आणि कूपरच्या टेबलापेक्षा वजनदार आहे. आमच्या मते त्याचा शेवट उत्तरेकडे, परमुलखात, कोणाच्या तरी आश्रयाखाली झाला असावा. टेबल नाही, लेखणी नाही; थंडी, तंगी आणि परक्या माणसांची मेहेरबानी. कोणी गाणे करावे असा हा शेवट नाही.

१४८८ नंतर त्याने स्वतः काही केल्याचे सांगणारा भरवशाचा कागद नाही. मिन्स्टर लव्हेलच्या चर्चमध्ये पांढऱ्या अलाबास्टर दगडाची एक कबर आहे. तिच्यावर चिलखत घातलेला एक लव्हेल सरदार हात जोडून पहुडला आहे. तो फ्रान्सिसचा आजा असावा किंवा बाप. फ्रान्सिसची कबर तेथे नाही.